भावोजींची गोटी

बाथरूममधले पाणी वायपरने जाळीकडे ओढत होते. निम्मे नेले, तर त्यातले निम्मे परत आले. हे आमच्या घरचे रोजचेच आहे. तोंडाने देवाचे नाव चालू असते आणि हाताने वायपर, त्यामुळे माझे नामस्मरणही त्या पाण्यासारखेच झाले आहे, दोन पावले पुढे आणि एक मागे. तेवढ्यात बेल वाजली. वायपर भिंतीला टेकवला, पाय पुसले, दार उघडले. दारात वन्सं उभ्या होत्या, ह्यांच्या थोरल्या बहीण. पायांत एक चप्पल स्वतःची आणि एक नवऱ्याची. उजवी मूठ अशी आवळलेली, की आत एखादी माशी पकडून आणली असावी.

त्या आत आल्या, दार स्वतःच लावले आणि मूठ उघडली. तळहातावर गोटी होती. हिरव्या काचेची, पोटात पिवळा पीळ असलेली.

"ही संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे ठेव," वन्सं म्हणाल्या. "आणि कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस. मला खोटं बोलता येत नाही."

मला येते, असा त्यांचा समज दिसला. ती गोटी कोणाची आणि ती नाहीशी झाली तर काय होईल, हे आमच्या नात्यागोत्यातले शेंबडे पोरही सांगेल. गोटी भावोजींची. भावोजी म्हणजे वन्संचे यजमान.

भावोजी पाणीपुरवठा कचेरीत मीटर वाचत. उभी नोकरी त्यांनी दारोदार हिंडून काढली. गावात असे घर नाही जिथे ते गेले नाहीत. आता पाण्याचा मीटर लोक कुठे बसवतात? जिन्याखाली, कचऱ्याच्या डब्यामागे, मोडक्या सायकलीच्या आड. म्हणजे या गृहस्थांनी प्रत्येक घर पाहिले खरे, पण प्रत्येक घराची तेवढीच बाजू पाहिली, जी त्या घरातली माणसेसुद्धा बघत नाहीत. एखाद्याने जन्मभर लोकांच्या टाचा पाहाव्यात आणि म्हातारपणी लग्ने जुळवायला बसावे, तसे झाले. निवृत्त झाल्याबरोबर भावोजी घर घेणाऱ्यांचे सल्लागार झाले. बोलावले तर जातच, न बोलावता जास्त उत्साहाने जात.

देवाला स्मरून सांगते, त्यांचे निम्मे सल्ले सोन्यासारखे आहेत. घर एकदाच पाहू नका, असे ते सांगतात. एकदा भर दुपारी पाहा, म्हणजे ऊन कुठे येते ते कळेल, आणि एकदा संध्याकाळी पाहा, म्हणजे शेजारी कुठे येतो ते कळेल. सगळे नळ एकदम सोडा. एकेकटा नळ कोणाच्याही घरात शूर असतो. सगळ्या खोलीचा रंग जुना आणि एकाच कोपऱ्याचा नवा असेल, तर त्या कोपऱ्याला काहीतरी झाकायचे आहे. भिंतीला लावलेले कपाट सरकवायला सांगा. विकणारा म्हणाला, ते जड आहे, तर समजा ओल त्याहून जड आहे. वरच्या मजल्याचे घर घेताना वर पाहा, खालचे घेताना वरच्या बिऱ्हाडाला भेटा. कागदावर आणखी कोणाचे नाव आहे का, ते वकिलाकडून बघून घ्या. विकणाऱ्याचा परदेशातला भाऊ नेहमी तुमचे सामान लागल्यावरच परत येतो.

हे सगळे आम्ही ऐकले आणि आमचा फायदाही झाला. पण एवढ्यावर थांबतील तर ते भावोजी कसले? या सल्ल्यांच्या शेवटी खिशातून गोटी निघे. घराची तपासणी झाली, घेणाऱ्याचा चेहरा फुलला, विकणाऱ्याने सुस्कारा टाकला, की भावोजी खोलीच्या मध्यावर उकिडवे बसत, दोन बोटांत धरून गोटी फरशीवर ठेवत आणि हात काढून घेत. सगळे श्वास रोखून बघत. गोटी हलली, की भावोजी उठत, गुडघे झटकत आणि म्हणत, "घर बसतंय."

घर बसतंय, म्हणजे जमिनीत खचते आहे. आपल्याकडे घर बसणे हा शब्दच मोठा लबाड आहे. मुलीचे घर बसावे म्हणून आई नवस करते आणि विटांचे घर बसू नये म्हणून बाप. भावोजींनी घर बसतंय म्हटले, की घेणारा पिशवी उचलून दाराकडे वळे. गोटी तर बहुतेक घरांत हलतेच. काचेची गोटी ती, तिला हलायला काय लागते? आमचे हे म्हणतात, "दाजींचं बालपण संपलंच नाही, या वयातही गोट्या खेळतात." हे म्हणतात अर्थातच दाजी गेल्यावर.

अख्ख्या गावात त्या गोटीने एकच घर पास केले. आमचे. आम्ही घर घ्यायला गेलो तेव्हा भावोजींनी एकेका खोलीत गोटी ठेवली आणि ती एखाद्या आज्ञाधारक सुनेसारखी जागची हलली नाही. बाल्कनीत ठेवली, हलली नाही. शेवटी बाथरूममध्ये ठेवली. तिथेही ती समाधी लावून बसली. भावोजींच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाले, "वहिनी, इतकं सपाट बाथरूम मी नोकरीत पाहिलं नाही. डोळे मिटून घ्या."

आम्ही डोळे मिटून घेतले. पहिल्या आंघोळीनंतर उघडले. भावोजींच्या डोळ्यांतले ते पाणी पहिले, आणि त्यानंतरचे सगळे पाणी अजून तिथेच आहे म्हणायचे. सपाट बाथरूममधून पाण्याने जावे तरी कुणीकडे? त्याला काही दिशाच नाही. बाल्कनीतले पाणी तर पाऊस आला, की पाहुण्यासारखे सरळ दिवाणखान्यात येऊन बसते. उतार करून घ्यायला सगळी फरशी उखडावी लागेल, आणि फरशी उखडू का असे भावोजींना विचारले, तर ते दुखावतात. असली फरशी पुन्हा मिळणार नाही, म्हणतात. तेव्हापासून मी वायपर ओढते आहे आणि देवाला विचारते आहे, की बाबा, तूसुद्धा नदीला उतार दिलास, तर मलाच का नाही?

एवढे घरपारखी भावोजी स्वतः मात्र लग्न झाल्यापासून भाड्याच्या दोन खोल्यांत राहात होते. गावातली विकाऊ घरे त्यांनी वन्संना दाखवली, एकही सोडले नाही. एकात गोटी पूर्वेला गेली, एकात पश्चिमेला. एका घरात ती सरळ दाराबाहेर गेली आणि जिना उतरली. तिला आणायला भावोजी धावले, तेवढ्यात दुसरेच गिऱ्हाईक आत शिरून घर घेऊन मोकळे झाले. एका घरात गोटी हलली नाही, तर भावोजी म्हणाले, "आज हलली नाही, उद्या हलेल." पैशाचे रडगाणे असते तर मी बोलले नसते. पण भावोजी चहाची पूडही जपून वापरणारे, शिल्लक व्यवस्थित होती. नडत होती ती गोटीच.

आणि त्या दोन खोल्यांचा मालक म्हणजे एक वल्लीच. त्याची एकच अट होती, भिंतीत खिळा मारायचा नाही. भाडे दोन दिवस उशिरा चालेल, पण खिळ्याचा आवाज आला, की तो धोतर सावरत वर. वन्संनी उभा संसार टेकवून केला. आरसा खुर्चीला टेकवलेला, घड्याळ रेडिओला टेकवलेले आणि सासूबाईंचा फोटो पाण्याच्या पिंपाला टेकवलेला. माझ्या सासूबाई हयातीत कधी कोणाला टेकून उभ्या राहिल्या नाहीत. टेकू लागेल अशा माणसाला त्या चार शब्द ऐकवत. त्याच बाईंना लेकीच्या घरी पिंपाचा आधार घ्यावा लागला. पिंप भरताना फोटो पालथा घालायचा, झाडताना उचलून पलंगावर ठेवायचा. एकदा पाहुणा त्याच्यावर बसला. वन्सं त्या दिवशी जेवल्या नाहीत.

वन्संची सगळी मागणी तेवढीच होती. संगमरवर नको, बाग नको. "मला माझ्या भिंतीत एक खिळा ठोकायचाय," एवढेच त्या म्हणत. म्हणता म्हणता केस पिकले.

मग मालकाने सांगितले, की मुलाचे लग्न ठरले आहे, खोल्या रिकाम्या करून द्या. भावोजींनी दुसऱ्याच दिवशी भाड्याच्या दुसऱ्या खोल्या शोधायला सुरुवात केली. त्यात मात्र त्यांना गोटी लागत नव्हती. वन्संनी नवऱ्याला काही सांगितले नाही. माझ्याबरोबर प्रार्थनेला जाते, असे सांगून त्या घराबाहेर पडू लागल्या. आम्ही प्रार्थनाही करत होतो, नाही असे नाही. जाताना एक घर आणि येताना एक घर, मध्ये देव. असे करता करता शिवणाच्या बाईंचे घर सापडले.

शिवणाच्या बाई म्हणजे मुलींना शिवण शिकवणाऱ्या, आता थकलेल्या. लेकीकडे कायमच्या जायला निघाल्या होत्या. तळमजला, तीन खोल्या, रस्त्याकडे एक खिडकी, मागच्या दाराशी तीन पायऱ्या. वन्संनी ते घर भावोजींच्याच पद्धतीने पाहिले. दुपारी पाहिले, संध्याकाळी पाहिले, सगळे नळ एकदम सोडले, कपाट सरकवायला लावले, वरच्या बिऱ्हाडात जाऊन पाणी पिऊन आल्या, वकिलाला कागद दाखवला. एवढे करून त्या भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तळहाताने ती चाचपली, जसे एखाद्या गाईच्या पाठीवरून हात फिरवावा.

शिवणाच्या बाईंनी सांगितले होते, की दुसरे गिऱ्हाईक उद्या येणार आहे, तुमचा होकार-नकार आज कळवा. आता भावोजींना आणल्यावाचून गत्यंतर नव्हते. वन्संनी आदल्या रात्री त्यांना सांगितले. भावोजींनी शांतपणे ऐकले, "बघू" म्हणाले, आणि उशाशी गोटी ठेवून झोपले. सकाळी ते आंघोळीला गेले आणि वन्सं गोटी घेऊन, मिळेल ती चप्पल पायात घालून, माझ्याकडे.

मी गोटी धुतली, पुसली आणि देवाजवळ ठेवली. कोणी विचारले तर देवाजवळ आहे, असे सांगता येते आणि ते खोटेही नसते. बाथरूममधले पाणी तसेच राहिले. वन्संना चप्पल बदलायला घरी पाठवले आणि दुपारी आम्ही शिवणाच्या बाईंकडे जमलो.

भावोजींचा चेहरा पाहण्यासारखा होता. शर्टाचा खिसा, पँटचे दोन्ही खिसे, मग पुन्हा शर्टाचा खिसा. परमेश्वराने माणसाला इतके कमी खिसे का दिले, असे त्यांना वाटत असावे. मला हळूच म्हणाले, "वहिनी, गोटी सापडत नाहीये. शकुन बरा नाही. परत जाऊ या." मी म्हटले, वस्तू योग्य ठिकाणी असली, की सापडते. हेही खोटे नव्हते.

नळ झाले, खिडक्या झाल्या, कड्या-कोयंडे झाले. तळमजला म्हणजे चोराला पायघड्या, असे म्हणून भावोजींनी खिडकीचे गज हलवून पाहिले. गज हलले नाहीत, त्यामुळे ते नाराज झाले. कपाटामागे ओल नव्हती, त्यामुळे आणखी नाराज झाले. शेवटी खोलीच्या मध्यावर उकिडवे बसले आणि रिकाम्या दोन बोटांकडे बघत राहिले. शिवणाच्या बाईंना वाटले, ह्यांना चक्कर आली. त्या पाणी आणायला निघाल्या, तर भावोजी म्हणाले, "काहीतरी गोल आहे का?"

बाईंनी बटणांचा डबा आणला. बटण गोल असले तरी चपटे, ते आडवे पडून राहिले. दोऱ्याचे रीळ दिले, ते दोरा सोडत पलंगाखाली गेले. मग स्वयंपाकघरातून लिंबू आले. भावोजींनी लिंबू ठेवले. लिंबाला एका बाजूला नाक असते. ते नाकावर डोलले, भावोजींकडे वळले आणि हातभर जाऊन थांबले.

भावोजींचा जीव भांड्यात पडला. उठले, गुडघे झटकले. "फरशी वाकडी आहे," म्हणाले. "घर बसतंय."

वन्सं पुढे झाल्या. "अहो, वाकडी असू दे. आपल्याला कुठे नाचायचंय?"

शिवणाच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण भावोजींनाही माहीत असणारच. ते ऐकून न ऐकल्यासारखे करत लिंबू घेऊन बाथरूममध्ये गेले. तिथे तर लिंबू ठेवल्याबरोबर पळाले आणि थेट जाळीवर जाऊन बसले. भावोजींनी आमच्याकडे असे पाहिले, जणू चोर मुद्देमालासकट सापडला. "बघा. आता काय म्हणता? बाथरूमसुद्धा बसलंय."

वन्संनी बादलीतला मग भरला आणि बाथरूममध्ये ओतला. पाणी लिंबाला वळसा घालून जाळीत गेले. फरशी कोरडी दिसू लागली. वन्संनी माझ्याकडे वळून विचारले, "तुझ्याकडे एवढं पाणी जायला किती वेळ लागतो गं?"

मी म्हटले, "सकाळचं अजून जातंय."

मला हसायचे नव्हते, पण मी सकाळपासूनचा राग गिळून होते, त्यामुळे हसू जरा जोरातच बाहेर आले. भावोजींनी रिकाम्या मगाकडे पाहिले, जाळीकडे पाहिले. काही क्षण मला वाटले, आता डोक्यात उजेड पडणार. पण उजेडालाही उतार लागतो. ते म्हणाले, "घाई नको. बघू. विचार करू."

हे 'बघू' मी पूर्वी ऐकले होते. प्रत्येक घराच्या दारात ते बघू म्हणाले होते, आणि प्रत्येक वेळी वन्संनी मान हलवली होती. या वेळी त्यांनी मग खाली ठेवला, हात पुसले आणि आवाज न चढवता बोलल्या. शिवणाच्या बाई कपाटातली घडी उगाचच मोडून पुन्हा घालू लागल्या.

"तुमचं मला कळतं," वन्सं म्हणाल्या. "भाड्याच्या घरात छत गळलं, की मालक नालायक. कडी मोडली, मालक नालायक. स्वतःच्या घरात गळलं तर नालायक कोण? त्याची तुम्हाला भीती वाटते. म्हणून गोटी लागते. मला नाही वाटत भीती. गळलं तर मी बादली ठेवीन. पण आईला आता पिंपाला टेकवणार नाही."

भावोजी काहीतरी बोलणार होते.

"मी इथे राहायला येणार आहे," वन्संनी संपवले. "तुम्ही या. यायचं नसेल तर महिन्यातून एकदा मीटर वाचायला या. दार उघडीन."

नवरा-बायकोच्या बोलण्यात तिसऱ्याने पडू नये, म्हणून मी मनातल्या मनात देवाचे नाव घेत होते. खरे सांगायचे तर कानही तितकेच उघडे होते. भावोजींनी वाकून लिंबू उचलले, नळाखाली धुतले आणि बाईंच्या हातात दिले. मग म्हणाले, "मीटर कुठे आहे?"

बाईंनी मागचे दार दाखवले. मीटर पायऱ्यांच्या आडोशाला होता. भावोजी गुडघे टेकून, मान वाकडी करून आत शिरले. घराच्या दिवाणखान्यात जो माणूस परका वाटत होता, तो त्या सांदीत शिरला, तो अगदी स्वतःच्या घरी आल्यासारखा. बराच वेळ त्यांची पाठच दिसत होती. मग त्यांनी काचेवरून बोट फिरवले आणि बोट उजेडात धरून पाहिले. बोट स्वच्छ होते.

"जाळं नाही. धूळ नाही," ते म्हणाले. "हा पुसतं कोण?"

"मी पुसते," शिवणाच्या बाई म्हणाल्या. "वाचायला येणाऱ्या माणसाचे हात घाण होतात ना."

भावोजी तसेच पायऱ्यांशी बसून राहिले. नोकरीभर ते कितीतरी दारांत गेले होते. पण त्यांच्या हातांचा विचार करून मीटर पुसणारे कोणी भेटले नसावे, किंवा भेटले असेल तर तिथे त्यांनी मान वर करून पाहिले नसावे. मला क्षणभर त्यांची दया आली. ती फार टिकली नाही, कारण ते उठले आणि आम्हा सगळ्यांना जणू आत्ताच बोलावले आहे अशा थाटात म्हणाले, "घर मजबूत आहे. मी मघापासून तेच सांगतोय. घेऊ या."

वन्सं आत गेल्या आणि पुन्हा भिंतीला हात लावून आल्या.

पुढचे रीतसर झाले. कागदावर दोघांची नावे लागली, ती वन्संनी वकिलासमोर अक्षर अन् अक्षर वाचून घेतली. राहायला जाण्याआधी भावोजींनी दाराचे कुलूप बदलले, आणि हे त्यांनी योग्यच केले. जुन्या कुलपाच्या किल्ल्या कोणाकोणाच्या घरी पडलेल्या असतात, ते जुन्या मालकालाही ठाऊक नसते. जादा किल्ली कुंडीखाली ठेवायची नाही, चोर आधी कुंडीच उचलतो, असे म्हणून त्यांनी ती अशा ठिकाणी लपवली, की पहिल्याच आठवड्यात दोघे बाहेर राहिले आणि भावोजींना जागा आठवेना. दुपारभर ते घराभोवती चोरासारखे हिंडले. शेजारच्यांनी हटकले, तर घर माझेच आहे हे पटवून देता येईना. वन्सं माझ्याकडे येऊन चहा प्यायल्या आणि मग माझ्या कपाटातली किल्ली मागून घेतली. ती त्यांनी कुलूप बसले त्याच दिवशी माझ्याकडे ठेवली होती. आपल्या घराची एक किल्ली विश्वासाच्या माणसाकडे असावी, असे मी प्रत्येकाला सांगते. ते माणूस नवरा नसले तर उत्तम.

गोटीची भावोजींनी एकदाच चौकशी केली. "वहिनी, माझी गोटी तुमच्याकडे तर नाही ना राहिली?" मी म्हटले, देवाजवळ आहे. भावोजींनी हात जोडले आणि म्हणाले, "तिथेच असू द्या. तिने पुष्कळ लोकांचं भलं केलंय." गोटी अजून तिथेच आहे. देवाची जागा तेवढी सपाट, ती हलत नाही.

सल्ले थांबले असतील असे कोणाला वाटेल. ते भावोजींना ओळखत नाहीत. आता ते पिशवीत प्लास्टिकचा मग घेऊन फिरतात. कोणी घर पाहायला निघाले, की बाथरूममध्ये मगभर पाणी ओततात, जाळीकडे बोट दाखवतात आणि सांगतात, "उतार बघा. घर घेताना लोक सगळं बघतात आणि नेमका उतार विसरतात." परवा ते आमच्याकडे आले. मी वायपर ओढत होते. ते दारातून बघत राहिले, मग पिशवीतून मग काढून त्यांनीही पाणी ओतले, जणू आधी कमी होते. पाणी जागच्या जागी उभे राहिले. भावोजींनी मान हलवली आणि फार कळवळून म्हणाले, "वहिनी, तुम्हाला कोणीतरी फसवलं हो."

मी वायपर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन वेळा ओढला, निम्मे पाणी परत आले तसे त्यांना एक काम आठवले आणि ते निघून गेले.

वन्संच्या भिंतीत अजून खिळा लागलेला नाही. सामान लागले, पडदे लागले, आरसा अजून खुर्चीला टेकलेला आहे. कारण भावोजींचे म्हणणे असे, की घाईने खिळा मारला तर गिलावा सुटतो, आधी भिंत कुठे भरीव आणि कुठे पोकळ आहे ते ठोकून बघावे. गेले काही दिवस ते सकाळ-संध्याकाळ भिंतीला कान लावून बोटाने टकटक करतात. भिंतीला कान असतात म्हणतात. आता या भिंतीला भावोजींचे आहेत. वरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी काल उलटी टकटक केली, तर भावोजी म्हणाले, भिंत पोकळ आहे.

आज वन्संनी कोळशाच्या तुकड्याने भिंतीवर एक फुली काढली. स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर. सासूबाईंचा फोटो पिंपाजवळून उचलून त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि सांगितले, की खिळा येईपर्यंत तो खाली ठेवायचा नाही. मी गेले, तेव्हा भावोजी फोटो दोन्ही हातांनी धरून खुर्चीवर ताठ बसले होते. सासूबाई काचेतून समोर बघत होत्या. त्यांना जावयाचा टेकू पिंपाएवढाही पसंत पडलेला दिसत नव्हता.

भावोजींनी मला विचारले, खिळा किती लांबीचा आणावा? मी म्हटले, दुकानदाराला विचारा, तो सल्ला देईल. हार्डवेअरचे दुकान आज बंद आहे. उद्या सकाळी ते उघडले, की भावोजींना खिळे आणायला जायचे आहे.